ज्याला लागली त्यानं सांगायचं

आमच्या तोर्रे देल ग्रेकोच्या गल्ल्यांतून एर्सिलिया बस चालवते. बंदरावरून वर चौकात जाणारी तिची बस वळणावर आली की मी अजूनही डोळे मिटून घेते, कारण भिंत आणि बस यांच्यामध्ये माझा हातसुद्धा शिरायचा नाही. पण आजवर तिनं कुणाच्या गाडीला, कुणाच्या भाजीच्या टोपलीला साधा ओरखडा काढलेला नाही. कौतुक केलं की म्हणते, "अंतर, तितीना. सगळा खेळ अंतराचा आहे." कितीतरी दिवस मला वाटायचं, ही बसबद्दल बोलतेय. ती तलवारीबद्दल बोलत असायची.

तितीना म्हणजे मी. गल्लीत माझं तळणीचं दुकान आहे. बटाट्याचे क्रोक्के, पिठात बुडवून तळलेली भोपळ्याची फुलं, रविवारी साखरेत घोळवलेल्या त्झेप्पोले. आणि माझ्या दुकानाच्या डोक्यावर लिबोरिओ मास्तरांची तलवारबाजीची तालीम. लाकडी जमिनीचा लांबलचक हॉल. दिवसभर वर पाय आपटतात आणि धूळ माझ्या कढईत पडते. माझ्या आईनं केरसुणीच्या दांड्यानं छत ठोकून ठोकून त्याला खड्डे पाडले होते. एकदा तिनं वैतागून शेजारच्या पोरीला वर धाडलं, "जा गं, त्या मास्तराला सांग, माणसं तळलेलं खायला येतात, धूळ खायला नाही." ती शेजारची पोर म्हणजे एर्सिलिया. निरोप सांगायला गेली ती वरच राहिली. धूळ अजून पडतेच आहे.

मास्तरांच्या तालमीत वार लागला की दिवा पेटत नाही, भोंगा वाजत नाही. हल्लीच्या त्या वायरी लावलेल्या तलवारी त्यांनी जिन्याच्या खालच्या पायरीच्या वर येऊ दिल्या नाहीत. जुन्या पद्धतीची तलवार, बारीक, लवचीक, टोकाला बोथट बोंडी. आणि नियम एकच. ज्याला लागली त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, "तोक्कातो." म्हणजे, लागली मला. बाई असेल तर, "तोक्काता." मारणाऱ्यानं ओरडायचं नाही, बघणाऱ्यांनी बोट दाखवायचं नाही. लागूनही जो गप्प राहिला त्याला मास्तर रागावत नसत. नुसतं जाऊन दार उघडून उभे राहत. तो माणूस खाली उतरायचा आणि पुन्हा कधी वर दिसायचा नाही. अशा एकाला मी माझ्या दुकानात बसवून पाणी पाजलंय. बिचाऱ्याचे कान लालबुंद झाले होते.

आता मेख कुठे आहे ते सांगते. शिकवणी वेगळी आणि लढत वेगळी. शिकवणीत मास्तर छातीवर चामड्याची जाड गादी बांधतात आणि दिवसभर शिष्यांचे वार अंगावर घेतात. ते धरायचे नसतात, त्याला कुणी तोक्कातो म्हणत नाही. खरा शब्द लढतीतला. आणि लिबोरिओ मास्तर बाईशी लढत करत नसत. त्यांच्या मास्तरांनी केली नव्हती, म्हणून यांनी नाही. गावातला न्हावी, औषधवाला पेल्लेग्रीनो, नगरपालिकेतला तो ढोला कारकून, जो दोन पावलांत धापा टाकायचा, सगळ्यांशी मास्तर लढले. एर्सिलियाशी नाही. शिकवणी मात्र तिला सगळ्यांपेक्षा जास्त. विशीत असताना तिनं सरळ विचारलं होतं. मी तेव्हा वर क्रोक्के द्यायला गेले होते, माझ्या कानांनी ऐकलंय.

"मास्तर, माझ्याशी लढत कधी?"

"मी बाईवर तलवार उगारत नाही."

"तुम्ही नका उगारू. मी उगारते की!"

सगळी तालीम हसली. मास्तरही हसले. पण लढत काही झाली नाही.

पुढं तिनं लग्न केलं, नवऱ्याला पुरलं, बस चालवायला लागली. आणि संध्याकाळी गणवेश काढून पांढरं जाकीट चढवून ती वर जातच राहिली. एका दुपारी माझ्या दुकानाच्या दारात बसून आम्ही मटार सोलत होतो, तेव्हा ती म्हणाली, "तितीना, मला पदक नको, कप नको. त्यांना एकदा माझी तलवार खरी लागावी आणि त्यांनी ते म्हणावं. बस्स." मी म्हटलं, "अगं, एका शब्दासाठी जन्म काढलास तू!" ती म्हणाली, "मग काय दहा शब्दांसाठी काढू?"

मागच्या हिवाळ्यात मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समोरच्या घरात पहिल्या मजल्यावर ते राहतात. त्यांची खिडकी तालमीच्या खिडकीसमोर आहे. घरी आणल्यावर पहिली गोष्ट त्यांनी कोणती केली असेल, तर डाव्या हातानं त्या खिडकीची झापडं ओढून घेतली. तालीम बंद पडली नाही, एर्सिलियानं चालू ठेवली, पण पायांचे आवाज आले की तिकडे झापडं गच्च.

मग तोरिनोहून त्यांची भाची आली, ओर्नेल्ला. चांगली आहे हो पोरगी, उगाच नावं ठेवणार नाही. म्हणाली, मी मामाला माझ्याकडे नेते, इथे त्यांना कोण बघणार? ईस्टरनंतरच्या रविवारी संध्याकाळच्या गाडीनं. एवढं ऐकलं आणि एर्सिलियाच्या डोक्यात शिबिराचं भूत शिरलं.

"परदेशातून मोठा मास्तर बोलावते. बाहेरगावचे लोक येतील. तालीम भरेल."

"आणि?"

"आणि जायच्या आधी ते बघतील ना! आपली तालीम भरलेली बघूनच जातील."

"आणि तुझा तो शब्द?"

तिनं हातानं माशी वारल्यासारखं केलं. "तो गेला, तितीना. ज्या तोंडातून यायचा ते तोंडच राहिलं नाही."

मोठा मास्तर निघाला मोन्तेविदेओचा. त्याच्या गुरूचा गुरू म्हणे आमच्याच किनाऱ्यावरून बोटीत चढला होता, आणि आमच्याकडे विसरत चाललेल्या जुन्या रीती तिकडे समुद्रापार अजून जशाच्या तशा चालतात. एर्सिलियानं फोन केला, तर तो माणूस म्हणाला, "मी आयुष्यभर या फोनची वाट बघत होतो." आता करा काय!

मग काय धावपळ! बस सुटायच्या आधी ही बाई चादरी गोळा करायची, फेऱ्या संपल्या की मुखवट्यांच्या जाळ्या शिवायची. पाद्रीबाबांनी पाहुण्यांना झोपायला चर्चमागची खोली दिली, पण अट घातली की रविवारच्या प्रार्थनेला सगळे हजर पाहिजेत, तलवारी बाहेर ठेवून. पेल्लेग्रीनो काउंटरमागून दात काढत म्हणाला, "बस हाकणारी बाई शिबिर भरवते, मग मी उद्यापासून विमान हाकतो." एर्सिलिया म्हणाली, "हाक की. आधी तुझी स्कूटर माझ्या वळणातून काढ, मग विमानाचं बघू." आणि बावळट, पहिलं नाव त्यानंच दिलं.

विल्मार एत्चेवेरी आला तो सडपातळ, पिकल्या केसांचा माणूस. काखेत थर्मास, हातात वाळका भोपळा, आणि त्यातून नळीनं कसलंसं कडू पाणी ओढत होता. त्याचं आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे विल्मार मास्तर म्हणायला लागले. मी त्याच्यापुढे क्रोक्के ठेवले, त्यानं माझ्यापुढे तो भोपळा धरला. एक घोट घेतला मी. मादोन्ना! कारलं गोड म्हणायचं त्याच्यापुढे. पण त्यानं क्रोक्के दोनदा मागून खाल्ले, म्हणून मी त्याला माफ केलं.

पहिल्या सकाळी मी ताट घेऊन वर गेले. ठेवून लगेच यायचं होतं, दुकान उघडं होतं. मी खाली आले ती थेट दुपारी. काय सांगू तुम्हाला! बारीहून, लिव्होर्नोहून, कुठून कुठून माणसं आली होती. विल्मार मास्तरनं त्यांच्या हातात तलवारीच दिल्या नाहीत. नुसतं समोरासमोर उभं केलं आणि चालायला लावलं. एक पुढे आला की दुसऱ्यानं मागे, तेवढंच. खोलीभर माणसं पुढे-मागे, पुढे-मागे, आणि तरी मधली जागा तेवढीच. बघता बघता मला ती मधली जागाच दिसायला लागली, जणू तिथे काहीतरी ठेवलंय आणि त्याला धक्का लागू द्यायचा नाही. आयुष्यभर ज्या धुळीला शिव्या दिल्या, ती या पायांखालून येत होती.

दुपारी सालेर्नोचा एक इंजिनिअर म्हणाला, "मास्तर, दिव्यांची पेटी नाही, तर कळणार कसं कुणाला लागली?" विल्मार मास्तर म्हणाला, "या, बघू." दोघं लढले. मला तर नुसती चमक दिसत होती. एकाएकी विल्मार मास्तर थांबला, मुखवटा वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "तोक्कातो!" इंजिनिअर भांबावून बघतच राहिला. म्हणाला, "कुठे? मला तर काही जाणवलंच नाही." विल्मार मास्तरनं बाहीचा एक चुरगळलेला दोरा दाखवला. "इथे. तुम्हाला नाही कळलं, मला कळलं."

अहो, माझ्या दुकानात पुडीत चुकून एक क्रोक्के जास्त गेलं, तर गिऱ्हाईक दुप्पट वेगानं पळतं. आणि हा एवढा लांबून आलेला, नावाजलेला माणूस, कुणी न बघितलेला आपला पराभव स्वतःहून मोठ्यानं सांगतो! मी एर्सिलियाकडे बघितलं. ती खिडकीतून पलीकडे बघत होती. झापडं बंद.

दुसऱ्या दिवशी त्या झापडांची एक फळी वर झाली होती. एवढीशी. मी खालून बघितलं आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, "वारा असेल." वारा कसला!

रविवार उजाडला. प्रार्थना झाली, जेवणं झाली. शेवटच्या लढती चालू होणार होत्या, आणि संध्याकाळी गाडी होती. एर्सिलिया मास्तरांना आणायला समोर गेली. परत आली ती एकटी. "भिंतीकडे तोंड केलं गं त्यांनी," एवढंच म्हणाली आणि खुर्च्या लावायला लागली. लावलेल्याच खुर्च्या पुन्हा पुन्हा लावत होती.

माझं डोकं फिरलं. मी तेलाचा हात पुसला आणि गेले सरळ समोर. ओर्नेल्ला दारात म्हणाली, "मावशी, त्यांना त्रास नको." मी म्हटलं, "बाळ, तू बॅग भर."

मास्तर पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. मी बसलेसुद्धा नाही.

"मास्तर, तुम्ही ऐकताय, मला माहितीय. कान शाबूत आहेत तुमचे. ती समोर भरलेली तालीम आहे ना, ती त्या बाईनं तुमच्यासाठी भरवलीय. तुम्ही न्हाव्याशी लढलात, त्या ढोल्याशी लढलात. तिच्याशी एकदाही नाही! तिला तुमच्या तोंडून एक शब्द हवा होता हो. एकच. आता तुम्ही बोलू शकत नाही, ते देवाचं. पण भिंतीकडे तोंड केलंत, ते तुमचं. तुमच्या तालमीत लागूनही जो गप्प बसतो त्याला दार दाखवायचात ना? मग हे काय चाललंय तुमचं?"

बोलून गेले खरी. आजारी माणसाला काय बोलले मी! पण मास्तर वळले. हळूहळू, सगळं अंग ओढत. माझ्याकडे बघितलं. मग डावा हात उचलून कपाटाकडे बोट केलं. आत हॅंगरला पांढरं जाकीट होतं.

चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्यावरून वर आणलं. तालमीत शिरताच सगळे उठून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. खुर्ची भिंतीशी ठेवायला गेले, तर मास्तरांनी मान हलवली. मध्ये. जिथे लढतात तिथे. विल्मार मास्तर पुढे आला, वाकला, आणि काही न बोलता त्यानं त्यांच्या डाव्या हातात तलवार दिली. बोटांत पुरता जोर नव्हता. तेव्हा त्यानं खिशातला रुमाल काढला आणि तलवारीची मूठ आणि मनगट एकत्र बांधलं. आमच्या बाजूच्या जुन्या लोकांची ती रीत. मास्तर त्या गाठीकडे बघत राहिले. समुद्रापलीकडच्या माणसानं ती बरोबर बांधली होती.

मग त्यांनी तलवार उचलली आणि एर्सिलियाकडे रोखली.

ती पुढे आली. तिला वाटलं, शिकवणी. छातीवर बांधायची चामड्याची गादी आणायला ती वळली, तेवढ्यात मास्तरांनी सलामी दिली. डावीकडच्या लोकांना, उजवीकडच्या लोकांना, मग समोर, तिला. थरथरत, पण पूर्ण सलामी. शिकवणीला अशी सलामी देत नाहीत. ही लढतीची. पेल्लेग्रीनो पुटपुटला, "अरे देवा."

एर्सिलिया जागची हलेना. मग तिनं काय केलं माहितीय? एक खुर्ची ओढली, मास्तरांच्या समोर ठेवली, तलवार नेमकी पोचेल एवढ्या अंतरावर, आणि बसली. ते बसून लढणार, तर मीही. तिनं सलामी दिली. दोघांनी मुखवटे घातले, मास्तरांचा विल्मार मास्तरनं घातला.

पाय नाहीत, पळणं नाही. नुसते दोन हात आणि दोन पाती. पण ते पातं! अर्धं अंग लुळं पडलेल्या त्या माणसाचं मनगट जिवंत होतं. डाव्या हातानं शिकवता यावं म्हणून त्यांनी तो हातही घासून तयार ठेवला होता, हे मला नंतर कळलं. टिक, टिक, पाती एकमेकांना हुंगत होती. एर्सिलियाला मोकळी जागा दिसली, मलासुद्धा दिसली. तिनं टोक पुढे नेलं आणि मधेच आवरलं. त्याच क्षणी मास्तरांची बोंडी तिच्या छातीवर टेकली.

"तोक्काता," ती म्हणाली.

मास्तर खूश होतील असं मला वाटलं. कसलं काय! त्यांनी तिच्या पात्यावर असा फटका हाणला की तिची तलवार हातातून सुटून खणखणत माझ्या पायाशी आली. दया दाखवतेस? मला? शब्दाशिवाय हे सगळ्या खोलीला ऐकू गेलं. मी तलवार उचलून तिच्या हातात दिली आणि दातओठ खाऊन म्हटलं, "नीट लढ, भवाने." तिनं स्वतःचा रुमाल काढला आणि दातांनी गाठ आवळून मूठ बांधली.

आणि मग ती लढली. मला त्यातलं काय कळणार? एवढंच सांगते, की त्या दोन खुर्च्यांच्या मध्ये जे चाललं होतं ते बघताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंसुद्धा भान नव्हतं. त्यांनी वार अडवला, उलटा दिला. तिनं तो अडवला. मग तिनं वरून वार येतोय असं नुसतं दाखवलं, त्यांचं पातं वर गेलं, आणि तिचं टोक खालून फिरून बरगड्यांखाली शिरलं. तलवार कमानीसारखी वाकली. लागली.

ज्याला लागली त्यानं सांगायचं. दुसऱ्या कुणी नाही. सालेर्नोच्या इंजिनिअरनं तोंड उघडलं, तर विल्मार मास्तरनं त्याच्याकडे असं बघितलं की ते मिटलं. मुखवट्याच्या आतून घरघर आली. "त... त..." पुन्हा. खांदा हलत होता, मान हलत होती, शब्द येत नव्हता. ओर्नेल्ला पुढे धावणार, तिचा दंड मी धरला. एर्सिलिया तलवार खाली करून, ताठ बसून वाट बघत होती. तिनं मदत केली नाही. मदत करणं म्हणजे पुन्हा तीच दया.

मग मास्तरांचा रुमालानं बांधलेला हात, तलवारीसकट, हळूहळू वळला. मूठ बरगड्यांखाली आली, जिथे लागली होती तिथे. आणि त्यांनी ठोकलं. एक. दोन. तीन. तोक्. का. तो.

एर्सिलियानं मुखवटा काढला. तिचा चेहरा मी शाळेपासून बघतेय, पण असा कधी बघितला नव्हता. कुणी टाळी वाजवली नाही. तेवढ्यात मास्तरांची मूठ पुन्हा हलली. वर सरकली, चांगली वीतभर, छातीच्या मधोमध, आणि तिथे त्यांनी रागानं ठोकलं. इथे. इथे मारायची होती. खाली मारलीस.

ती हसली की रडली, मला सांगता येणार नाही. "हो, मास्तर," ती म्हणाली. "खाली लागली. पुढच्या वेळी वर."

पुढच्या वेळी! ओर्नेल्लाच्या हातात गाडीची तिकिटं होती. खाली गल्लीत टॅक्सी येऊन उभी होती. मास्तरांनी सगळ्यांच्या देखत तलवार उचलली, टोक तिच्या डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि वाट बघू लागले. एर्सिलियानं मुखवटा चढवला. ओर्नेल्ला माझ्याकडे बघत होती. मग तिनं तिकिटं पर्समध्ये टाकली, पर्स खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली.